आबर म्हणायचं नाही

आमच्या शिवणघरात कौतुकाचे शब्द तीन आहेत, आणि त्यांतले दोन कौतुकाचे नाहीतच. पहिला ‘उसव’. दुसरा ‘बघू’. तिसरा ‘चालेल’, आणि हा तिसरा ऐकायला मिळावा म्हणून इथं माणसं मान मोडून काम करतात. तिन्ही शब्द माझ्या थोरल्या बहिणीचे. कापड ती कापते, मशीनवर मी बसते, काजं-बटणं एक तोंडाळ मुलगी करते, तिला आम्ही काजवालीच म्हणतो, आणि इस्त्रीला एक काका आहेत. ताई मला आजवर किती वेळा ‘चालेल’ म्हणाली ते विचारू नका. माझ्या लग्नाच्या दिवशी मी नटूनथटून तिच्यापुढे उभी राहिले, तर म्हणाली, ‘बघू, वळ.’

ताईच्या मुलाचा फोन आला तेव्हा ती खाली कापडाचे तागे उतरवून घेत होती. म्हणून तो मी उचलला, आणि बरं झालं मीच उचलला.

या मुलाला आम्ही गुंडी म्हणतो. लहानपणी त्यानं एक गुंडी नाकात घातली होती, ती निघाली, नाव राहिलं. आता तो जर्मनीत लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत आहे, दाढी ठेवतो, आणि तिथल्याच एका मुलीशी लग्न करतोय. मुलगी लहान मुलांच्या दातांची डॉक्टर. लग्न तिकडेच व्हायचं होतं, पण त्याआधी ती आणि तिची आई चार दिवस आमच्याकडे येणार, हे ठरलेलं होतं.

“मावशी, एक घोळ झालाय,” गुंडी म्हणाला. “तिनं लग्नाचा ड्रेस स्वतः शिवलाय.”

“अरे वा. मग?”

“तो घेऊन येतेय. आईला दाखवायला. माझी आई शिवते हे कळल्यापासून तिनं हाच धोशा लावलाय.”

“मग दाखवू दे की.”

“मावशी,” तो म्हणाला, आणि थांबला. “आई ‘उसव’ म्हणाली तर?”

मग मीही थांबले. कारण हे कुठून येतंय ते मला चांगलं ठाऊक होतं. गुंडी शाळेत होता तेव्हा त्यानं एका सुट्टीत स्वतःसाठी एक बिनबाह्यांचं जाकीट शिवलं होतं. स्वतः कापून, स्वतः अस्तर लावून. ते त्यानं मोठ्या तोऱ्यात कापायच्या टेबलावर आईपुढे ठेवलं. ताईनं ते उलटं केलं, मुंढ्यात, म्हणजे काखेच्या गोलात, हात घातला, आणि म्हणाली, ‘उसव.’ गुंडीनं जाकिटाची घडी घातली, दप्तरात टाकली, आणि त्यानंतर तो मशीनवर बसला नाही. आईशी भांडला नाही, अबोलाही धरला नाही. फक्त तिला काही दाखवायचं बंद केलं. परीक्षेचे निकाल आम्हाला शेजाऱ्यांकडून कळायचे. तिकडे घर घेतलं, त्याचा फोटो नाही. ही मुलगीसुद्धा आम्हाला कळली ती साखरपुडा उरकल्यावर. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदा आईला दाखवायला काहीतरी आणत होता, आणि तेही दुसऱ्या कुणी हट्ट धरला म्हणून.

“तिनं चार महिने खपून शिवलाय गं,” तो म्हणाला. “आईनं तिला रडवलं तर मी तिला पुन्हा तिकडे नाही आणणार. आणि मग मीही...” पुढचं तो बोलला नाही. बोलायची गरजही नव्हती.

मला गोष्टी पोटात ठेवता येत नाहीत. ताई वर आली, कात्री हातात घेऊन कापायला लागली, आणि मी सगळं जसंच्या तसं तिला सांगितलं. ‘मीही’नंतरच्या त्या थांबण्यासकट. ताई कापड अर्ध्यात सोडत नाही. तिनं बाहीचा गोल पुरा कापला, कात्री ठेवली आणि खडूनं माखलेली बोटं पदराला पुसली.

“मला चांगलं म्हणायला जमत नाही गं,” ती म्हणाली. “तोंडाशी येतं आणि आत जातं.”

“ते आम्ही भोगतोच आहोत.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता माझी हजेरी घेणार. पण ती म्हणाली, “त्यांच्या भाषेत कसं म्हणतात?”

“काय?”

“हेच. छान आहे, सुंदर आहे, शोभतंय. आपल्या भाषेत लाज वाटते. त्यांच्या भाषेत नाही वाटणार, मला तिचा अर्थच कुठं लागतोय.”

मी तिच्याबरोबर जन्म काढलाय, पण इतकं धाडसी वाक्य तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मला उभ्या जागी हुरूप आला. मी मशीनवरचं काम तसंच टाकलं आणि दोन मजले चढून थेट जर्मनबाईचं दार वाजवलं.

जर्मनबाई जर्मन नाही. तिनं अर्धं आयुष्य तिकडच्या एका हॉटेलच्या स्वागतकक्षात काढलं आणि गुडघे गेल्यावर परत आली, म्हणून हे नाव. दिवसभर आल्यागेल्याला गोड बोलणं हाच तिचा पेशा होता, आणि इथं आल्यापासून तिला गोड बोलायला कुणी मिळत नव्हतं. मी काय ते सांगितल्यावर ती चपला शोधायच्या आत जिना उतरायला लागली.

“व्याकरण मरू दे,” ती कापायच्या टेबलाशी स्टूल ओढून म्हणाली. “आधी चेहरा. कौतुक करताना भुवया वर, डोळे माणसावर. म्हणा: दास श्टेट ईनन गूट. हे तुम्हाला शोभतं. ‘तुला’ म्हणायचं तर ईननच्या जागी डीर.”

“दास श्टेट ईनन गूट,” ताई म्हणाली. शिक्षा सुनावल्यासारखी.

“बाई, भुवया.”

ताईनं भुवया वर केल्या. आता ती घाबरलेली दिसत होती. काजवाली तोंडात दोरा धरून हसत होती, तिला दोऱ्याची गाठ गिळायची वेळ आली.

पण ताईचं एक आहे. मनावर घेतलं की ती सोडत नाही. वही वगैरे तिला चालत नाही. नमुने कापायचा खाकी कागद तिनं भिंतीला टाचला आणि त्यावर खडूनं एकेक वाक्य उतरवायला लागली. वुंडरश्योन, म्हणजे फारच सुंदर. दास हास्ट डू गूट गेमाख्ट, हे तू छान केलंस. श्मेक्ट गूट, चव छान आहे. कागद भरला की हाताशी असेल त्यावर. एका गृहस्थांच्या कोटाच्या उलट्या बाजूला तिनं ‘वुंडरश्योन’ लिहिलं, मी न बघता वरून अस्तर लावून टाकलं, आणि तो कोट तसाच घरी गेला. ते गृहस्थ आजही फारच सुंदर म्हणून हिंडत असतील, त्यांना कल्पना नाही.

दुसऱ्या दिवशी एक जाडेसे गिऱ्हाईक ट्रायलला आले. ताईनं त्यांच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, तोंडातल्या टाचण्या काढून हातात घेतल्या, भुवया उचलल्या आणि म्हणाली, “दास श्टेट ईनन गूट.”

“काय बिघडलं?” ते घाबरून म्हणाले.

मी अर्थ सांगितला. ते लालबुंद झाले. मग आरशापुढे एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून वळले, आणि हळूच म्हणाले, “पुन्हा म्हणा ना.” ताईनं पुन्हा म्हटलं. या वेळी मला तिच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललेलं दिसलं.

त्यानंतर आमच्या घरात जर्मनीचं वारंच शिरलं. काजवाली इस्त्रीकाकांच्या प्रत्येक घडीला ‘वुंडरश्योन’ म्हणायची. काकांना एकच वाक्य पाठ झालं, श्मेक्ट गूट, ते शर्टांनाही तेच ऐकवायचे. मी तर काय, मशीन चालवताना पायाच्या तालावर वाक्यं म्हणत होते; एका झग्याची शिवण सरळ जायची ती त्या नादात खिशात शिरली. उसवली आणि पुन्हा म्हणत घातली. खरं सांगायचं तर इतकी मजा मला मशीनवर वर्षानुवर्षांत आली नव्हती. एरवी दिवस मावळेपर्यंत आमच्याकडे फक्त कात्रीचा आणि मशीनचा आवाज असतो. आता सकाळी दार उघडल्यापासून माणसं एकमेकांना सुंदर म्हणत होती.

ताईनं शब्दही मागून घेतले. “नुसतं सुंदर काय कामाचं? काय सुंदर ते सांगता आलं पाहिजे,” ती म्हणाली. मग जर्मनबाईनं कपड्याचा एकेक भाग सांगितला. एर्मेल म्हणजे बाही, नाट म्हणजे शिवण, ताशे म्हणजे खिसा. हे शब्द ताईच्या तोंडात असे बसले की जणू तिकडेच शिकलेली.

गडबड झाली ती मतांच्या धड्यात.

“कौतुक झालं. आता मत,” जर्मनबाई म्हणाली. “इश फिंडे, म्हणजे मला वाटतं. तिकडे कुणी मत विचारलं तर त्याला मतच हवं असतं, गोडगोड नको असतं. मत देताना आधी चांगलं सांगायचं, मग म्हणायचं आबर, आबर म्हणजे पण, आणि मग जे असेल ते.”

“आबर,” ताई म्हणाली. तिचे डोळे एकदम चमकले. सबंध भाषेत तिला आपलं माणूस भेटलं होतं. “कोट श्योन आहे, आबर खांदा उतरलाय. रंग श्योन आहे, आबर अस्तर आखडलंय. काय सोयीचा शब्द आहे गं.”

मी काजवालीला तिथंच थांबवलं, ती लगेच इस्त्रीकाकांना आबर ऐकवायला निघाली होती.

“ताई, हा शब्द तुला बंद,” मी म्हणाले. “ती मंडळी असेपर्यंत आबर म्हणायचं नाही. छान आहे, सुंदर आहे, शोभतं, आणि पुढे गप्प. कात्रीवर हात ठेव.”

“पण मत विचारलं तर...”

“पण नाही. गुंडी पुन्हा यायला हवाय का नकोय?”

ताईचा चेहरा उतरला. तिनं कात्रीवर हात ठेवला. “आबर म्हणणार नाही,” ती म्हणाली.

मंडळी आली ती भर दुपारी, तीन बॅगा आणि एक लांबलचक कापडी पिशवी घेऊन. ती पिशवी गुंडीनं लहान बाळ धरावं तशी आडवी धरली होती. मुलगी उंच, दाट केसांची, नाकावर ठिपकेच ठिपके, मोठ्यानं हसते. विहीणबाई तिच्याहून उंच. त्यांनी उंबऱ्यातच ताईचे दोन्ही हात धरले.

ताईनं भुवया वर केल्या. आणि मग ती जी सुटली, ती सुटलीच. विहीणबाईंचा स्कार्फ वुंडरश्योन. मुलीचे केस वुंडरश्योन. बॅग, बॅगेची चाकं, बूट, छत्री, सगळं शोभतं, सगळं छान केलंस. जेवायला बसल्यावर सूप काही विहीणबाईंनी केलेलं नव्हतं, मी केलेलं होतं, तरी तिनं माझ्या सुपाला श्मेक्ट गूट म्हटलं. मी चमचा खाली ठेवला. त्या सुपाला ती इतकी वर्षं ‘मीठ बघ’ म्हणत आलीय. त्या दुपारी मला सूप गिळता येईना, आणि तिखट जास्त झालं असं सांगून मी डोळे पुसले.

गुंडी एकदा आईकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होता. आत भांडी ठेवायला आला तेव्हा म्हणाला, “मावशी, हिला झालंय काय?”

“तुझ्यासाठी शिकलीय,” मी म्हणाले. “आता तू गप्प बस आणि बघ.”

तो गप्प बसला. पण त्याच्या चेहऱ्यावरची धास्ती काही गेली नाही.

ड्रेसचा दिवस दुसरा. मुलीची एक अट होती: लग्नाच्या दिवसापर्यंत गुंडीनं ड्रेस बघायचा नाही. म्हणून शिवणघराचं दार लावून घेतलं आणि गुंडीला बाहेर जिन्यावर बसवलं. आमची जर्मन म्हणजे सगळी स्तुती, आणि जर्मनबाई नेमकी गुडघे दाखवायला गेलेली. तेव्हा भाषांतर त्यानं दाराआडूनच करायचं ठरलं. इस्त्रीकाका तोंड भिंतीकडे करून उभे राहिले, तो नियम त्यांना लागू नाही हे त्यांना पटेना.

मुलगी पडद्याआडून बाहेर आली आणि काजवालीच्या हातातली सुई खाली पडली. पांढरा, अगदी साधा ड्रेस, कमरेपासून मोकळा, पूर्ण बाह्या. कापड जड आणि मऊ. शिवणी हातानं मुरडलेल्या. मी तर बघतच राहिले.

पण मी ताईबरोबर काम करते. ताई बघते तिथं माझीही नजर जाते, आणि ताईची नजर गेली होती सरळ मुंढ्यावर. फार खोल कापलेला. हात वर नेला की अख्खा ड्रेस वर ओढला जाणार. मी डोळ्यांनीच तिला दटावलं.

“वुंडरश्योन,” ताई म्हणाली. भुवया वर, डोळे मुलीवर, जर्मनबाईनं शिकवलं अगदी तसं. “दास श्टेट डीर गूट. दास हास्ट डू गूट गेमाख्ट.”

विहीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. माझा जीव भांड्यात पडला. पण मुलीकडे बघितलं तर ती हसत होती आणि तिचे खांदे मात्र खाली आले होते. ती काहीतरी बोलली. त्यात मला ‘माइनुंग’ ऐकू आलं. मत. तो धडा मला पाठ होता, तरी मी न समजल्याचं सोंग केलं.

“काय म्हणते?” ताईनं दाराला विचारलं.

“ती म्हणते, तुमचं मत सांगा,” गुंडीचा आवाज आला. “खरं मत.” मग घाईनं, “आई, छान आहे म्हण आणि विषय संपव.”

ताईनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नाही, नाही. तिनं टेबलावरच्या कात्रीकडे बघितलं. आणि तेवढ्यात त्या मुलीनं, कुणी सांगितलं नसताना, उजवा हात वर उचलला. हात खांद्यापर्यंत गेला आणि अडला. कंबर वर सरकली, गळा एका बाजूला गेला. तिनं हात खाली सोडला आणि ताईकडे नुसती बघत राहिली. दवाखान्यात माणूस डॉक्टरकडे बघतो, तशी.

“आबर,” ताई म्हणाली.

मी कपाळावर हात मारला.

“इश फिंडे,” ताई म्हणाली, “डेअर एर्मेल...” आणि तिची जर्मन संपली. ती पुढे गेली, मुलीच्या काखेत दोन बोटं घातली आणि आमच्याच भाषेत म्हणाली, “इथं खोल गेलीस, बाळ. मुंढा वर हवा होता. बाकी शिवण मला जमणार नाही इतकी नीट आहे, पण यात तुला हात हलवता यायचा नाही.” मग दाराकडे, “सांग तिला.”

“आई,” गुंडी म्हणाला.

“सांग.”

दाराआडून तो बोलला. सावकाश, एकेक शब्द ठेवत. त्याचा आवाज ऐकून मला कळलं, तो आता मनातल्या मनात परतीच्या बॅगा भरायला लागला होता.

मग ती मुलगी माझ्या मशीनच्या स्टुलावर मटकन बसली, त्या पांढऱ्या ड्रेससकट, आणि हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी. आणि भडाभडा बोलायला लागली.

“काय म्हणते? अरे, सांग की,” मी दारावर थाप मारली.

“ती म्हणते,” गुंडी म्हणाला, “तिला माहीत होतं. काहीतरी चुकलंय एवढं कळत होतं, काय ते कळत नव्हतं. नाचायला हात वर केला की अडकतो. आईला विचारलं, सुंदर आहे. मैत्रिणींना विचारलं, सुंदर आहे. ती म्हणते, आज तुम्हीही तेच म्हणालात तेव्हा वाटलं, आता विचारायला जगात कुणी उरलं नाही. ड्रेस घेऊन इतक्या लांब ती...” तो अडला. “ती त्यासाठीच आली म्हणते. तुझी आई खोटं कौतुक करत नाही, हे तूच मला सांगितलंस, असं म्हणते.”

शेवटचं वाक्य त्यानं जवळजवळ गिळलंच. मी त्या खाकी कागदाकडे बघितलं, वरपासून खालपर्यंत सुंदर-सुंदर लिहिलेल्या, आणि मला स्वतःचंच हसू आलं. इतके दिवस घासून घासून आम्ही नेमकं तेच पाठ केलं होतं, जे ऐकून ऐकून ती पोरगी कंटाळली होती.

ताईनं खणातून उसवायची छोटी कात्री काढली आणि मुलीच्या हातात दिली. “उसव,” ती म्हणाली. त्या शब्दाचं भाषांतर लागलं नाही. मुलीनं कपडे बदलले, ड्रेस मांडीवर घेतला आणि उसवायला बसली.

ती दुपार मी विसरणार नाही. पिशवीत उरलेलं कापड होतं, पोरगी मुळातच हुशार. खोल गेलेला मुंढा वर आणता येत नाही, म्हणून ताईनं काखेत चौकोनी कळी घालायचं ठरवलं, म्हणजे हाताला जागा मिळते आणि बाहेरून काही दिसत नाही. दोघी कापायच्या टेबलावर डोक्याला डोकं लावून वाकल्या. एक जर्मन बोलत होती, एक आपली, आणि दोघींना सगळं कळत होतं. विहीणबाई टाचण्या देत होत्या. मधेच ताईनं ड्रेसच्या घेराची मुडप हातात घेतली, ते बारीक टाके बघितले आणि म्हणाली, “दास हास्ट डू गूट गेमाख्ट.” तेच मघाचं वाक्य. पण या वेळी भुवया जागच्या जागी होत्या, आणि मुलगी कानापर्यंत लाल झाली. गुंडीला आम्ही साफ विसरलो. काकांनी त्याला जिन्यावर एक पाट आणि चहा नेऊन दिला.

उन्हं उतरायच्या सुमाराला मुलगी ड्रेस घालून पुन्हा उभी राहिली. हात वर केला. गेला. थेट डोक्याच्या वर गेला, आणि कंबर जागची हलली नाही. तिनं दुसरा हात वर केला. मग ती भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या इस्त्रीकाकांना धरून मशीन आणि टेबलाच्या मधून नाचली, आणि काका “श्मेक्ट गूट, श्मेक्ट गूट” म्हणत तिच्याबरोबर फिरले.

ताई पुढे आली. मुलगी थांबली. ताईनं तिच्याभोवती एक फेरी मारली. मग उलट्या बाजूनं आणखी एक. काजवालीनं माझा दंड धरला होता. ताईनं खांद्यावरचा एक दोरा उचलला, बोटात गुंडाळला.

“चालेल,” ती म्हणाली.

मुलगी तिच्याकडे बघत राहिली. मग दोन्ही हातांनी ड्रेस उचलून ती दाराशी धावली आणि दाराला तोंड लावून ओरडली, “झी हाट चालेल गेझाक्ट.” ती चालेल म्हणाली. सांगितलं होतं तर त्यानं तिला. आमच्या घरातला सगळ्यात मोठा शब्द कुठला ते त्यानं तिकडे जाऊन सांगून ठेवलं होतं.

मग गुंडीचा आवाज आला, अगदी साधा.

“मला नाही कधी म्हणालीस.”

ताई दाराशी गेली. गळ्यात टेप तशीच लोंबत होती.

“तुझ्या जाकिटाचा मुंढाही असाच खोल गेला होता,” ती म्हणाली.

“माहीत आहे.”

ताईनं तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. तोंडाशी आलेलं आत जाताना मी आयुष्यभर बघत आलेय, तेव्हाही बघितलं, आणि मला तिला धरून हलवावंसं वाटलं. पण तिनं दाराच्या कडीवर हात ठेवला, एकदा त्या खाकी कागदाकडे बघितलं, आणि जर्मनमध्ये म्हणाली,

“आबर. आबर डी ताशे वार झेअर श्योन.”

पण खिसा फार सुंदर होता.

“कुठला खिसा?” गुंडीनं विचारलं. त्याचा आवाज बदलला होता.

“आतला. डावीकडचा,” ताई म्हणाली. आता ती आमच्या भाषेत बोलत होती. एकदा तोंड मोकळं झाल्यावर ती थांबेना. “कुणाला दिसणार नव्हता, तरी तू कापडाच्या रेघेला रेघ जुळवली होतीस. एवढ्या वयात मला नव्हतं जमलं ते. मी तेव्हाच बघितलं होतं. आधी मुंढ्याचं सांगावं, मग खिशाचं सांगू, असं म्हटलं. तोवर तू घडी घातलीस.”

विहीणबाईंना शब्द कळले नव्हते, तरी त्या डोळ्यांना रुमाल लावून बसल्या. बाहेर जिन्यावर पाट सरकल्याचा आवाज झाला. तो दाराजवळ आला होता.

“मी ते उसवलं नाही,” तो म्हणाला. “तिकडे आहे, कपाटात.”

ताईनं डोळे पुसले नाहीत, नाक तेवढं पदरानं पुसलं. मग ती तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, “पुढच्या वेळी येशील तेव्हा घेऊन ये. मुंढा बघू.”

“चालेल,” गुंडी म्हणाला.